भरपगारी

थोरली डबा घेऊन रोपवाटिकेच्या फाटकातून आत शिरली, तेव्हाच तिला जाळीखालच्या वाफ्यापाशी बायकांचा घोळका दिसला. घोळका दिसला की ती नेहमी पावलं उचलायची. बहुतेक वेळा साप निघालेला असायचा, नाहीतर कुणाचं तरी भांडण. या खेपेला मधोमध धाकटी जाऊ मातीत बसलेली होती. झारी शेजारी आडवी पडली होती आणि तिच्यातलं पाणी धाकटीच्या पायांखालून वाट काढत पार रस्त्यापर्यंत गेलं होतं.

"काही नाही हो ताई," धाकटी म्हणाली. "जरा टेकले."

"टेकलीस ना? मग आता ऊठ बघू."

धाकटीने तळहात जमिनीला लावले. अंग थोडंसं उचललं गेलं, पाय मात्र जागचे हलेनात. शेवटी थोरलीने तिच्या काखेत हात घातले, दुसऱ्या एकीने मागून रेटा दिला, तेव्हा कुठे ती उभी राहिली. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांवर आली होती. थोरलीने खाली वाकून पट्टा सोडवला, तर कातडीत बोटभर रुंद वळ.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं आणि त्यातच विहिरीवरची मोटर जळाली होती. नवी उद्या येतेय, असं मालक रोज सांगायचा. माणसं उद्यावर दिवस काढतात, कलमांना ते जमत नाही. म्हणून एरवी सावलीत बाकांवर बसून कलमं बांधणाऱ्या बायका आता हौदापासून वाफ्यांपर्यंत झाऱ्या वाहत होत्या. भरलेली झारी हातात असली की माणूस एका बाजूला कलंडूनच चालतो. धाकटीला सहावा महिना सरत आलेला. पुढे पोट, बाजूला झारी, पायाखाली ढेकळं.

मुकादमबाई मनाने वाईट नव्हत्या, जिभेने होत्या. त्या छत्री घेऊन आल्या, धाकटीच्या डोक्यावर धरली आणि थोरलीला म्हणाल्या, "पुलाकडच्यांनो, आता तुमच्यातली दुसरी बसवा कामाला. ही इथंच वाफ्यात बाळंत होईल, आणि मालक मला विचारेल की पाणी जास्त का घातलंस."

बायका हसल्या. धाकटीही हसली. थोरलीला हसू आलं नाही.

रोपवाटिकेत बायकांना नावाने कुणी ओळखत नसे. मालकाच्या वडिलांनी ती सुरू केली तेव्हा गावातल्या घरांना एकेक जागा दिली होती. बाकावरची जागा घराची, बाईची नव्हे. सकाळी मुकादमबाई घरांची हजेरी घेत. टाकीजवळची आली? आली. वळणावरची? आली. पुलाकडची? आली. त्या घरातून कोण आली, हे विचारायची रीत नव्हती. सासू आजारी पडली की सून यायची, सून माहेरी गेली की नणंद. जागा रिकामी राहिली नाही म्हणजे झालं. पुढे कामगार विम्याच्या कचेरीचे कोणी साहेब आले आणि प्रत्येक जागेमागे एक कार्ड करून गेले. त्या दिवशी बाकावर जी बसली होती तिचं नाव कार्डावर गेलं. पुलाकडच्या घरातून त्या दिवशी थोरली बसली होती.

मग सासू ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. घरात तिला उचलायला, फिरवायला, न्हाऊ घालायला कुणीतरी हवं होतं. धाकटी तेव्हा नवी नवरी. सासूच्या अंगाला हात लावायचा तर ती संकोचायची. थोरली घरी राहिली आणि धाकटी कलमांवर गेली. कुणी त्याचा फार विचार केला नाही. कार्ड बदलायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. धाकटी डावखुरी, पण हात असा गोड की तिची कलमं सहसा वाया जात नसत. खुंटाला खाच, खाचेत काडी, वरून पट्टीचे वेढे. वर्षभर तिने तेच केलं होतं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुकादमबाईंनीच विषय काढला. टाकीजवळच्या सुनेला गेल्या वर्षी भरपगारी रजा मिळाली होती. बाळंतपणाच्या आधीपासून घरी आणि नंतरही कित्येक आठवडे घरी, तरी पगार चालू. आधी ते कुणाला खरंच वाटलं नव्हतं. मालकाने दिले म्हणावं तर मालक कसा आहे ते सगळ्यांना माहीत होतं. पण तो कायदाच होता आणि पैसे कचेरीतून यायचे. मग तुम्ही का मागत नाही, असं त्यांनी विचारलं.

"कार्ड माझ्या नावावर आहे," थोरली म्हणाली.

मुकादमबाईंनी तोंडातला घास गिळला. मग म्हणाल्या, "मग अडलं कुठं? पोट हिचं, नाव तुझं. घर एकच आहे ना तुमचं?"

दवाखान्यात जायचं, तिथे धाकटीने थोरलीचं नाव सांगायचं, चिठ्ठी थोरलीच्या नावावर येईल, कार्ड तिचं आहेच. चिठ्ठी आणि कार्ड जुळलं की कचेरीचं काम भागलं. धाकटीच्या तोंडावर नाव थोडंच लिहिलंय? बोलता बोलता मुकादमबाईंनी सगळं असं सरळ करून ठेवलं की ते चुकीचं असेल असं कुणाला वाटलंच नाही. वाटलं असतं तरी बोललं कोण असतं? धाकटीचा नवरा कापणीच्या यंत्राबरोबर गावोगाव फिरत होता, त्याचा पैसा हंगाम संपल्यावर हातात यायचा. थोरलीचा नवरा गवंडी, पण पाण्याअभावी बांधकामं थांबलेली. बाकावरची जागा हेच तेवढं घरातलं नेमाने मिळणारं. धाकटी घरी बसली तर ते बंद, आणि न बसली तर त्या झाऱ्या.

झाऱ्यांचं थोरलीला माहीत होतं. तिला स्वतःला दोनदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी पिशव्यांत माती भरायचा हंगाम चालू होता. ती पोती ओढत होती आणि पोती ओढतानाच तिला कळलं की काहीतरी संपलं. त्या दिवसाची हजेरी मात्र पूर्ण लागली होती, कारण तिच्या जागी दुपारून नणंद येऊन बसली. दुसऱ्या वेळी काय झालं ते कुणालाच समजलं नाही. त्यानंतर काही झालंच नाही.

दवाखान्यात ती धाकटीबरोबर गेली. नर्स घाईत होती. तिने नाव विचारलं, आणि धाकटीने थोरलीकडे एकदा बघून थोरलीचं नाव सांगितलं. वय विचारलं तेव्हा धाकटी गोंधळली, कारण नावाबरोबर वयही घ्यावं लागेल हे ठरलं नव्हतं. थोरलीने मागून आपलं वय सांगितलं. नर्सने मान वर करून धाकटीचा कोवळा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "छान ठेवलीय हो तब्येत."

बाहेर आल्यावर दोघी भिंतीला टेकून इतक्या हसल्या की धाकटीला पोट धरून बसावं लागलं.

पण जाता जाता नर्सने एक सांगितलं होतं. हेच नाव आता शेवटपर्यंत चालेल, प्रसूतीच्या वेळी हीच चिठ्ठी आणा, बाळाच्या जन्माच्या नोंदीत आई म्हणून हेच नाव लागेल. हसून झाल्यावर, घरी येताना, थोरलीच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

घरी तिने ते सांगितलं तेव्हा सासू खाटेवर बसून होती. आता ती काठीच्या आधाराने अंगणापर्यंत जायची. तिने थोडा वेळ विचार केला. मग थोरलीचा हात हातात घेऊन म्हणाली की बरंच झालं की, कागदावर का होईना, तुझ्या नावाला एक लागेल. तिने ते मायेनेच म्हटलं. वर्षभर या सुनेने तिला लेकरासारखं उचललं होतं, त्याची काहीतरी भरपाई सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

थोरलीचा नवरा उंबऱ्यात बसून हत्यारं पुसत होता. त्याने थापी पिशवीत ठेवली. पण दुसऱ्या दिवशी काम नसताना तो उठला, आतल्या खोलीचा उखडलेला कोपरा खणून काढला आणि तिथे नवा कोबा करायला घेतला. पाळण्याला जागा सपाट पाहिजे, असं म्हणाला. तो कोपरा धाकटीच्या खोलीतला नव्हता. त्यांच्या खोलीतला होता.

थोरलीने तो कोपरा पाहिला. थापी फिरवताना नवरा शीळ घालत होता. कितीतरी वर्षांत तिने त्याची शीळ ऐकली नव्हती. ती उलट्या पावली स्वयंपाकघरात गेली आणि उगीच चुलीपुढे बसून राहिली.

आठवड्याने आरोग्यसेविका घरी आली. हातात पिशवी, डोक्याला रुमाल. दारातूनच तिने थोरलीचं नाव घेऊन विचारलं, कुठे आहे ती. थोरली धान्य निवडत होती. "मीच," ती म्हणाली. सवयीनेच म्हणाली, स्वतःचं नाव ऐकल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? सेविकेने तिच्या सपाट पोटाकडे पाहिलं. मग तिच्या मागून आलेल्या धाकटीकडे पाहिलं. "मी, मी," म्हणत धाकटी पुढे येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. सेविकेने तिचा रक्तदाब घेतला, पायांची सूज दाबून बघितली, आता उभ्याचं काम नको, ओझं तर मुळीच नको, असं बजावलं आणि पुन्हा एकदा थोरलीच्या नावाने धाकटीला हाक मारून निघून गेली.

"तुमचं नाव मला बरं शोभतं, नाही?" धाकटी म्हणाली.

थोरलीला त्या क्षणी जे वाटलं त्याची तिला लाज वाटली. सेविकेने हाक मारली तेव्हा तिचं मन आनंदलं होतं. पाय धाकटीचे दाबले गेले, पण काळजी तिच्या नावाची घेतली गेली होती. रोज थोडं थोडं असंच होऊ लागलं होतं. शेजारीण विचारायची, कितवा? आणि उत्तर थोरलीच्याच ओठांवर आधी यायचं. धाकटीने आंबट मागितलं की थोरलीला तोंडाला पाणी सुटायचं. स्वतःच्या मनाचा तिला भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामाला निघाली तेव्हा थोरली पुलापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली. नदीत पाणी नव्हतं, नुसते दगड होते. पुलाच्या कठड्यापाशी तिने धाकटीला थांबवलं.

"आज कामाला जायचं नाही. मोठ्या गावाला जायचंय. कचेरीत."

"चिठ्ठी द्यायला?"

"खरं सांगायला."

धाकटीचा चेहरा उतरला. ती म्हणाली की मिळायच्या बेतात आलंय ते कशाला घालवायचं. मालकाला कळलं तर तो एक कार्ड दोघींनी वापरलं म्हणून जागाच काढून घेईल. मग झाऱ्याही नाहीत आणि पगारही नाही. आणि नावाचं काय एवढं, घरातलंच तर आहे. "तुमच्या नावावर लागलं तर मला चालेल, ताई. मी कुणाला बोलणार नाही. मोठेपणी त्यालासुद्धा नाही."

"तुला चालेल गं," थोरली म्हणाली. "पण उद्या तू मागितलंस तर मी परत देणार नाही. माझं मला माहीत आहे."

धाकटीने खाली वाकायचा प्रयत्न केला, चपलेचा पट्टा सैल करायला. ते तिला जमेना म्हणून थोरलीने वाकून तो सैल केला. दोघी बसथांब्याकडे चालू लागल्या.

कचेरी एका किराणा दुकानाच्या वर होती. जिना अरुंद. धाकटी मधल्या वळणावर दोनदा थांबली. वर एक पंखा, दोन टेबलं, आणि त्यातल्या एकाच टेबलाशी माणूस: थोरलीच्याच वयाच्या एक बाई, चष्मा नाकावर घसरलेला. थोरलीने रस्ताभर जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं त्यांच्यासमोर विस्कटलं. तिने उलटंसुलटं कसंबसं सांगितलं. घराची जागा सांगितली, सासूचं हाड सांगितलं, डावा हात सांगितला, दवाखान्यातलं वय सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"तुमच्या रोपवाटिकेतून असं एक कार्ड आणि दोन बायका मी आधी पाहिल्यात," त्या म्हणाल्या. "सांगायला मात्र कुणी आलं नव्हतं."

मग त्यांनी सावकाश समजावलं. रजा घराला मिळत नाही, बाईला मिळते. जिने काम केलं तिचे दिवस. बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात तिने स्वतः सत्तर दिवस भरलेले असले म्हणजे हक्क झाला. धाकटीचे ते कधीच भरून गेले होते, फक्त ते दुसरीच्या खात्यात पडले होते. मालकाने लिहून दिलं, बाकावर शेजारी बसणाऱ्या बायकांनी सांगितलं आणि थोरलीने ते दिवस आपले नाहीत असं सही करून दिलं, तर ते धाकटीच्या नावावर करता येतील. मग धाकटीने स्वतःच्या नावाने अर्ज द्यायचा: कधीपासून कामावर येणार नाही ते लिहायचं, दवाखान्याची खरी चिठ्ठी जोडायची, बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं असायला हवं. रजेचे काही आठवडे आधी घेता येतात, उरलेले नंतर. तोवर ओझ्याचं काम मालकाने द्यायचं नाही, हेही कायद्यातच आहे.

"आणि माझं?" थोरलीने विचारलं. खरं तर तिला ते विचारायचं नव्हतं.

तुमचं मागचं वर्ष पुसलं जाईल, बाई म्हणाल्या. त्याच्या आधीचे तुम्ही खरे भरलेले राहतील, पण मध्ये खंड पडेल. पुन्हा कामाला लागलात तर पहिल्या दिवसापासून.

"मालकाने जागा काढली तर?"

"रजा मागितली म्हणून काढता येत नाही. एक कार्ड दोघींनी वापरलं त्याबद्दल तो काय म्हणेल, ते मी आज सांगू शकत नाही. मी येते चौकशीला."

थोरलीने सही केली. पेन घट्ट धरल्यामुळे तिच्या बोटाला खळी पडली. परतीच्या बसमध्ये धाकटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. थोरली मात्र जागा गेली तर कुठे कुठे कामाला जाता येईल, याचा सगळा रस्ता विचार करत राहिली.

दवाखान्यात नर्सने दोघींना चारचौघांत झापलं. बाई, उद्या हिला रक्त द्यावं लागलं असतं आणि गट तुझा लिहिलेला असता तर? असं तिने विचारलं तेव्हा धाकटीने थोरलीचा पदर धरला. इतका सरळ विचार मुकादमबाईंनी केला नव्हता आणि या दोघींनीही नाही. नर्सने जुनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली, आणि धाकटीचं खरं वय ऐकून म्हणाली, "तरीच."

बातमी रोपवाटिकेत त्यांच्या आधी पोचली होती. मुकादमबाईंनी धाकटीला बाकावर बसवलं, झारी दिली नाही, पण तिच्याशी बोलल्याही नाहीत. थोरली डबा घेऊन आली तेव्हा मात्र त्या सगळ्यांसमोर बोलल्या. स्वतःच्या नशिबात नाही म्हणून दुसरीच्या पोटावर पाय, अशा बायका असतात, असं त्या हवेकडे बघत म्हणाल्या. बाकावरच्या सगळ्या माना खाली गेल्या. चाकू चालत राहिले. थोरलीने डबा ठेवला. धाकटीनेच पट्टी खाली ठेवून म्हटलं, "मुकादमबाई, माझ्या पोटाचं मी बघेन. तुम्ही हजेरी बघा."

मुकादमबाई पाठ फिरवून हौदाकडे गेल्या.

कचेरीतल्या बाई आल्या त्या दिवशी मालकाने फाटकापाशी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. जाळीखाली बाकांमधून फिरल्या, एकेका बाईला विचारत गेल्या. बायका आधी मुकादमबाईंकडे बघत, मग मालकाकडे, मग जमिनीकडे. थोरली खांबाला टेकून उभी होती. आता जागा गेली, असं तिने मनात धरूनच ठेवलं होतं. धाकटी पोटावर हात ठेवून बसली होती.

मालक जाडजूड, बोलायला आखडू. बाईंनी त्याला सरळ विचारलं की या वर्षी या जागेवर कोण बसली, त्याला काही सांगता येईल का. कार्डावर जी आहे ती की ही?

तो वाफ्याजवळ गेला, एक पिशवी उचलून आणली आणि तिच्यातल्या रोपाची मान बाईंपुढे धरली.

"ही पट्टी बघा. उलट्या बाजूने गुंडाळलीय. डावा हात." त्याने पिशवी खाली ठेवली, पुढच्या वाफ्यातून दुसरी उचलली. "हीसुद्धा. या वर्षीच्या कुठल्याही वाफ्यात हात घाला, हिची निघतील." मग थोरलीकडे न बघता म्हणाला, "त्या दुसरीची एकही नाही. वर्षभरापासून नाही."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. कधीपासून, ते त्याने सांगितलं नाही. विचारल्यावर एवढंच म्हणाला की कलमं जगतात ना, मग कोण बसली ते मी कशाला विचारू. बाई म्हणाल्या की तुम्ही विचारायलाच हवं होतं, तुमच्यावर त्याचा ठपका येतो. मालकाचे कान लाल झाले. लिहून देतो, तो म्हणाला. सगळ्या जागांची कार्डं नव्याने करायची ती करतो.

"पण एक," तो म्हणाला. "ही बाळंत होऊन आली की इथंच यायची. दुसऱ्याच्या रोपवाटिकेत नाही. हा हात मला पुढच्या हंगामाला पाहिजे."

थोरलीने खांब धरला. इतके दिवस भीतीने तिला ताठ उभं केलं होतं, भीती गेली तसं तिला उभं राहवेना. ती जवळच्या उलट्या घमेल्यावर बसली. एका बाईने तिला पाणी दिलं. मुकादमबाईंनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि तिच्याकडे न बघता पुटपुटल्या की आता कार्ड बाईगणिक, म्हणजे तुमच्या जागा दोन झाल्या, उद्या तूही ये, माती भरायला हात कमी आहेत.

"भरीन," थोरली म्हणाली. "पण पोती मी एकटी ओढणार नाही. दोघींनी धरायचं."

मुकादमबाई छत्री मिटून पुढे गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून पोत्याला दोघी लागल्या, आणि दिवस गेलेल्या बायकांना त्या कुणी न सांगता बाकावर बसवू लागल्या.

धाकटीची रजा मंजूर झाली तशी नवी मोटरही आली. थोरलीच्या नवऱ्याने कोपऱ्यातला कोबा तसाच ठेवला होता, अर्धा. थोरलीने त्याला तो पुरा करायला सांगितलं नाही आणि उखडायलाही सांगितलं नाही. एके दिवशी तिने पाहिलं तर तो धाकटीच्या खोलीत भिंतीला गुडघा लावून बसला होता आणि तिथल्या फरशीवर पाणी शिंपडून थापी फिरवत होता. शीळ नव्हती. तिने त्याच्या बाजूला चहाचा कप ठेवला. तो म्हणाला, इथे उजेड जास्त आहे. ती म्हणाली, हो. कप उचलताना त्याची ओली बोटं तिच्या हाताला लागली, आणि सिमेंटचा ठसा तिने संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

पहिल्या आठवड्यात धाकटीला घरी बसवेना. ती भल्या सकाळी उठायची, डोक्याला फडकं बांधायची आणि मग आठवण आल्यावर सोडायची. अंगण दोनदा झाडायची. थोरली कामाला निघाली की अंगणाच्या फाटकापर्यंत येऊन विचारायची, कुठल्या वाफ्यावर आहात आज? दिवसा आडवं व्हायची तिला भीती वाटायची, कोणी बघितलं तर. पगार चालू आहे म्हणजे काहीतरी केलंच पाहिजे, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. पैसे खात्यात आल्याचा निरोप आला तेव्हा तर ती अर्धा दिवस बावरून बसली. न केलेल्या कामाचे कसे घ्यायचे, ती विचारत राहिली. थोरलीने समजावून सांगितलं आणि ते तिला पटलं नाही.

मग एक दिवस थोरली दुपारचं काम आटोपून लवकर परतली. मातीने कोपरापर्यंत भरलेली, पाठ मोडलेली, पण पावलं हलकी. दारात सासू काठी टेकून उभी होती आणि कपाळाला आठ्या.

सासूने तिला हाताने आत बोलावलं आणि दाखवलं. धाकटी आपल्या खोलीत, नव्या गुळगुळीत फरशीवर चटई टाकून, डाव्या कुशीवर झोपली होती. उशी गुडघ्यांमध्ये, तोंड जरासं उघडं. पाय सैल पडले होते आणि त्यांच्यावरची सूज उतरली होती. दार उघडं, खिडकी उघडी, उन्हाचा पट्टा तिच्या पोटावर आलेला. अशी ती दुपारी सगळ्यांच्या देखत झोपली होती.

सासू कुजबुजली, पण ते कुजबुजणं पलीकडच्या घरापर्यंत गेलं असतं. भर दिवसा, चुलीजवळ भांडी तशीच, शेजारीण दोनदा डोकावून गेली, लोक काय म्हणतील, एवढं सुख बरं नव्हे.

"झोपू द्या, आई," थोरली म्हणाली. "कामावर आहे ती."

सासूने तिच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. हिशेब तिच्या डोक्यात एकदम बसला नसावा. तरी तिने काठी उचलली, जमिनीला न लावता, आणि भिंत धरून हळूहळू चुलीकडे निघाली.

"मग भांड्यांचा आवाज नको करूस," ती म्हणाली.